परागंदा कुळें आणि कौलाची वस्ती



घराण्याचा इतिहास म्हटला म्हणजे आपल्याकडे एका ठराविक साच्याची आठवण होते. मूळ पुरुष कोणी तरी शूर असतो. त्याला एखाद्या राजानें सनद दिलेली असते. सनदेबरोबर इनाम आणि मानपान येतो. आणि मग पिढ्यांची यादी सुरू होते. सरदारांच्या व वतनदारांच्या घराण्यांचे इतिहास असे लिहिले गेले आणि त्यांतील पुष्कळ खरेही आहेत. परंतु ज्यांच्या घरांत तलवार नव्हती, नांगर होता, त्यांच्या इतिहासाचें काय? आज मी बुलढाणा जिल्ह्यांतील साध्या शेतकरी घराण्यांविषयीं बोलणार आहें. हीं घराणीं कोठून आलीं, कां आलीं, आणि त्यांचा माग आज काढावयाचा झाल्यास तो कसा काढावा, हा या भाषणाचा विषय.

आरंभींच एक गोष्ट सांगून टाकतों. ‘आम्ही मूळचे येथलेच’ असें म्हणणाऱ्या घरांचा शोध मागें मागें नेला, तर पुष्कळ ठिकाणीं तो एखाद्या स्थलांतरापाशीं जाऊन थांबतो. कोणी दुष्काळांतून वांचून आलेला असतो, कोणी फौजांच्या वाटेवरून हटलेला, कोणी साऱ्याच्या जाचानें गांव सोडलेला. अशा कुळांना आपल्या जुन्या कागदांत एक नेमका शब्द आहे: परागंदा. फारसींत त्याचा अर्थ विखुरलेला. या परागंदा कुळांना परत आणण्यासाठीं, किंवा त्यांच्या जागीं नवीं कुळें बसविण्यासाठीं, राज्यकर्ता जें आश्वासन देई त्याला कौल म्हणत. कौल म्हणजे मूळ अरबींत शब्द, वचन. परागंदा होणें आणि कौल घेऊन बसणें या दोन गोष्टींच्या दरम्यान आपल्या शेतकरी घराण्यांचा खरा इतिहास घडला आहे.

जिल्ह्याचा नकाशा क्षणभर डोळ्यांपुढें आणा. अजिंठ्याच्या डोंगराची रांग त्याचे दोन भाग करते. वर बालाघाट: बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगांवराजा. खालीं पूर्णेच्या खोऱ्यांतील पायनघाट: मलकापूर, मोताळा, नांदुरा, शेगांव, खामगांव, जळगांव-जामोद, संग्रामपूर. लोक साधेपणानें ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ एवढेंच म्हणतात. पायनघाटाची काळी जमीन कसदार म्हणून पूर्वापार प्रसिद्ध. पण त्या जमिनीचें एक दुर्दैव असें कीं, ती रस्त्यावर पडली. उत्तर हिंदुस्थानांतून दक्षिणेंत येणारी फौज नर्मदा ओलांडून असीरगडाखालून बऱ्हाणपुरास येई, आणि पुढें दौलताबादेकडे जावयाचें तर तिला अजिंठ्याच्या किंवा रोहिणखेडच्या बाजूनें घाट चढावा लागे.

त्यामुळें या जिल्ह्याच्या वांट्यास लढाया फार आल्या. रोहिणखेडास १४३७ सालीं बहामनी सेनापतीनें खानदेशच्या नसीरखान फारुकीचा पराभव केला. त्याच रोहिणखेडास १५९१ सालीं निजामशाही गादीच्या तंट्याचा निकाल लागला. सिंदखेडराजा तालुक्यांतील साखरखेर्ड्यास ११ ऑक्टोबर १७२४ रोजीं निजामुल्मुल्कानें मुबारिझखानास मारलें, आणि दक्षिणेंतील निजामाच्या राज्याचा पाया तेथें पडला. १८०३ सालीं असईची लढाई पश्चिमेस अगदीं जवळ झाली, आडगांवची पूर्वेस. आणि दोहोंच्या मधल्या काळांत फौजा याच मुलखांतून हिंडत होत्या. इतिहासाच्या पुस्तकांत या लढायांचे निकाल दिलेले असतात. पण हजारों स्वारांची फौज ऐन पिकाच्या दिवसांत एका परगण्यांत आठ दिवस तळ देऊन राहिली म्हणजे तेथें काय होतें, हें त्या पुस्तकांत एका ओळीनेंही येत नाहीं. घोड्यांना कडबा लागतो, तो शेतकऱ्याच्या गंजींतून जातो. चुलींना लांकूड लागतें, तें त्याच्या घराच्या आढ्यांतून जातें. आणि ओझें वाहावयास बैल लागतात, ते पुन्हां परत येत नाहींत. बैल गेला म्हणजे शेत गेलें, आणि शेत गेलें म्हणजे गांव सुटलें.

लढायांहून मोठा घाला दुष्काळानें घातला. १६३० ते १६३२ या वर्षांत गुजराथ, खानदेश आणि दक्षिण या सर्व भागांत जो दुष्काळ पडला, तो आपल्या इतिहासांतील भयंकर दुष्काळांपैकीं एक होय. त्या वेळीं शहाजहान बादशहाची छावणी बऱ्हाणपुरास, म्हणजे मलकापुराहून दोन-तीन मजलांवर होती. मुमताजमहल १६३१ सालीं तेथेंच वारली. बादशाही बखरकार अब्दुल हमीद लाहोरी यानें त्या दुष्काळाचें जें वर्णन केलें आहे तें वाचवत नाहीं. पीटर मंडी नांवाचा इंग्रज प्रवासी त्याच सुमारास सुरतेहून बऱ्हाणपुरावरून आग्र्यास गेला. त्यानें वाटेवरील ओस गांवांची आणि प्रेतांची हकीकत लिहून ठेविली आहे. बादशहानें लंगर उघडले, सारा सोडला. परंतु माणसें गेलीं तीं गेलीं, आणि जीं वांचलीं तीं विखुरलीं.

येथें आणखी एक शब्द आपण ध्यानांत घेतला पाहिजे. आपण सहज ‘बेचिराख’ म्हणतों आणि मनांत राख आणतों. मूळ शब्द बेचिराग. चिराग म्हणजे दिवा. ज्या गांवांत संध्याकाळीं दिवा लावावयास कोणी उरलें नाहीं, तें बेचिराग गांव. महसूलाच्या दप्तरांत गांवाचें नांव राहतें, शिवार राहतें, हद्दी राहतात. पांढरीवर मात्र घर नसतें. विदर्भांत अशा गांवास रीठ म्हणतात, आणि रिठी गांवें आजही महसुली यादींत निघतात. तेथें पांढऱ्या मातीचा उंचवटा असतो, एखादा मारुती असतो, आणि वर्षांतून एकदां कोठल्या तरी दुसऱ्या गांवाहून एखादें कुटुंब तेथें नारळ फोडावयास येतें. कां येतों हें त्या कुटुंबांतील तरुणांस सांगतां येत नाहीं. ‘आमची चाल आहे’ एवढेंच ते म्हणतात. ती चाल म्हणजे त्या घराच्या इतिहासाचें पहिलें पान असूं शकतें.

आतां कौलाकडे वळूं. ओस गांव राज्यकर्त्याला परवडत नसे. जमीन तेथेंच असे, पण कसणारा नसला तर तिच्यापासून एक दामही मिळावयाचा नाहीं. म्हणून जो जो शहाणा कारभारी दक्षिणेंत झाला, त्याला सर्वांत आधीं रयत परत आणण्याचा उद्योग करावा लागला. १६५३ नंतर औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार असतां मुर्शिदकुलीखान नांवाचा दिवाण त्याजपाशीं होता. प्रथम बालाघाटाची आणि पुढें सर्व दक्षिणेची दिवाणी त्याजकडे आली. त्यानें विखुरलेली रयत गोळा केली, जेथें पाटील उरला नव्हता तेथें नवा पाटील नेमिला, आणि बैल व बियाणें घेण्यास सरकारांतून तकावी देऊन ती पीक आल्यावर हप्त्यांनीं परत घेण्याची तजवीज केली. मोजणीची दोरी तो प्रसंगीं स्वतःच्या हातांत धरीत असे, असें सांगतात.

मराठी राज्यांत हीच पद्धति इस्ताव्याच्या नांवानें रूढ झाली. पडीक जमीन उठविणाऱ्या कुळास पहिल्या वर्षीं नांवाचा सारा, दुसऱ्या वर्षीं थोडा अधिक, असें चढत जाऊन ठरलेल्या वर्षीं पुरा धारा द्यावयाचा. ही सवलत कागदावर लिहून दिली म्हणजे तो कौलनामा. पाटील आणि देशमुख-देशपांडे यांच्या मार्फतीनें कौल फिरत. आणि परगण्यापरगण्यांत कुळांची जणूं ओढाओढ चाले. आज जमीन थोडी आणि माणसें फार झालीं आहेत, त्यामुळें हें आपल्याला विलक्षण वाटेल. पण त्या काळीं जमीन फार आणि माणसें थोडीं होतीं. शेतकऱ्याच्या हातीं एकच शस्त्र होतें, उठून जाण्याचें; आणि राज्यकर्त्याच्या हातीं त्यावर एकच उपाय होता, वचन देण्याचा.

कौलावर आलेल्या कुळास गांवांत लागलीच बरोबरीचें स्थान मिळे असें मात्र समजूं नये. मराठी मुलखांत शेतकऱ्यांचे दोन वर्ग असत. वंशपरंपरेनें जमीन धारण करणारा तो मिरासदार. बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. मिरासदाराला गांवांत मान, हक्क आणि बोलण्याची जागा होती. उपऱ्याला नुसती पेरणी होती. जें कूळ नाहींसें झालें त्याच्या जमिनीला गतकुळी जमीन म्हणत. अशा जमिनीवर उपरी बसे, ती नांगरी, विहीर खणी, आंबा लावी. आणि पुष्कळ वर्षांनीं मूळ मिरासदाराचा मुलगा किंवा नातू परत येऊन उभा राहिला, तर त्याचा हक्क मानण्याची चाल होती. त्या दिवशीं गांवच्या पारावर कसा वाद झाला असेल, याची कल्पना करावी. एकाजवळ आजोबांचा हक्क आहे, दुसऱ्याजवळ स्वतःचा घाम आहे. दोघेही परागंदा, एक आधीं झालेला, एक नंतर. या प्रश्नाचें सोपें उत्तर त्या पंचांजवळ नव्हतें, आणि आपल्याजवळही नाहीं.

या जिल्ह्यांत जी नानाविध शेतकरी मंडळी आज नांदते, तिच्या नांवांतच अशा हालचालींच्या खुणा आहेत. घाटोळे कुणबी हें नांवच घाटावरून आलेल्यांचें आहे. जो घाटावरच राहतो त्याला तेथें कोणी घाटोळे म्हणून वेगळें काढण्याचें कारण नाहीं. मलकापूर-नांदुऱ्याकडील लेवा मंडळी पूर्व खानदेशांतील यावल, रावेर, भुसावळ या पट्ट्याशीं एकजीव आहे, आणि आपण गुजराथेंतून आलों अशी तिची परंपरा आहे. या परंपरेंत पावागडाचें नांव येतें. पावागडाखालचें चांपानेर महंमूद बेगड्यानें १४८४ सालीं घेतलें ही इतिहासांतील गोष्ट. परंतु तेव्हांच सर्व कुळें निघालीं, कीं मागून थोडीं थोडीं येत राहिलीं, हें एकट्या दंतकथेवरून ठरवितां येत नाहीं. त्यांची बोली मात्र मोठी साक्षीदार आहे. ती मराठीच आहे, पण तिच्यांत खानदेश, वऱ्हाड आणि गुजराथ या तिहींच्या छटा एकत्र आल्या आहेत. बहिणाबाई चौधरी यांनीं त्या पट्ट्यांतील बोलीला साऱ्या महाराष्ट्रांत मान मिळवून दिला. बोली हा सामानांतील असा जिन्नस आहे कीं, तो वाटेंत कोणाला लुटतां येत नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत ही ये-जा थांबली नाहीं. तिचीं कारणें तेवढीं बदललीं. १८०३ च्या देवगांवच्या तहानें वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाकडे गेला आणि पुढें वऱ्हाड इजारदारांच्या तावडींत सांपडलें. १८५३ सालीं तें इंग्रजांच्या कारभाराखालीं आलें. १८६० नंतर मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी झाली आणि शेत नांवावर लागलें. त्याच सुमारास अमेरिकेंत यादवी युद्ध पेटून कापसाला सोन्याचा भाव आला, रेल्वे आली, १८७० सालीं खामगांवास फांटा गेला. मग आसपासच्या मुलखांतून माणसांचा ओघ काळ्या जमिनीकडे लागला. रेल्वेनें बंजाऱ्यांचा बैलांच्या तांड्यांवरील व्यापार बुडविला; त्यांतील पुष्कळ तांडे डोंगराच्या कडेला थांबले आणि शेती करूं लागले. शेवटीं १८९९-१९०० चा दुष्काळ आला, ज्याला आपल्याकडे छप्पन्याचा दुष्काळ म्हणतात. त्यानें पुन्हां एकदां अनेक घरें उठविलीं. म्हणजे ‘जुनीं’ म्हणून मानलीं जाणारीं कित्येक घराणीं या भूमींत चार-पांच पिढ्यांचींच असतील. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

हें फक्त वऱ्हाडांतच घडलें असें मात्र नाहीं. तुलनेसाठीं युरोपांतील एक उदाहरण पाहूं. रशियाच्या कॅथरीन राणीनें २२ जुलै १७६३ रोजीं एक जाहीरनामा काढला. ओसाड प्रदेशांत येऊन जो परदेशी शेतकरी वस्ती करील, त्याला धर्माचें स्वातंत्र्य, सैन्यांतील नोकरीपासून माफी, तीस वर्षें कर माफ आणि बिनव्याजी कर्ज, असें त्यांत वचन होतें. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर तो कौलनामाच होता. युद्धांनीं आणि गरिबीनें गांजलेलीं जर्मन कुटुंबें त्यावर विश्वास ठेवून निघालीं आणि व्होल्गा नदीच्या कांठीं सुमारें शंभर गांवें वसलीं. पुढें १८१३ सालीं अलेक्झांडर बादशहानें तसाच कौल बेसारेबिया प्रांतासाठीं दिला. पण १८७१ पासून हीं वचनें एकामागून एक मोडलीं गेलीं, आणि त्यांतील हजारों कुटुंबें पुन्हां उठून अमेरिकेंत गेलीं.

बेसारेबियांतील जर्मनांची पुढची गोष्ट अधिक दुःखद आहे. १९४० सालीं तो प्रांत सोव्हिएट रशियानें घेतला. हिटलर आणि स्टालिन यांच्या करारानें सुमारें त्र्याण्णव हजार जर्मन शेतकऱ्यांना घरदार सोडून डॅन्यूब नदीवाटे जर्मनीच्या हद्दींत नेण्यांत आलें. वर्ष दोन वर्षें छावण्यांत काढल्यावर त्यांतील पुष्कळांना जमिनी मिळाल्या. त्या जमिनी कोणाच्या होत्या? जिंकलेल्या पोलंडमधील शेतकऱ्यांच्या. त्यांना रातोरात हांकलून, चुलीवरील भांडें गरम असतांच, नवीं कुळें आंत बसविलीं. १९४४-४५ मध्यें रणक्षेत्र मागें सरकलें तेव्हां हीं नवीं कुळेंही पळालीं. होर्स्ट क्योलर या गृहस्थाचा जन्म १९४३ सालीं अशाच एका बळकावलेल्या पोलिश गांवांत झाला. आईबाप बेसारेबियांतील शेतकरी. तेथून कुटुंब पळून लाइपझिगजवळ आलें व पुन्हां शेती करूं लागलें. १९५३ सालीं तेथूनही पळून पश्चिम जर्मनींत आलें आणि कांहीं वर्षें निर्वासितांच्या छावण्यांतून राहिलें. हाच मुलगा २००४ ते २०१० पर्यंत जर्मनीचा राष्ट्राध्यक्ष होता. २०२५ सालीं तो वारला.

पोलंडमधील दुःखाचा दुसरा धागा तर आपल्या महाराष्ट्रापर्यंत आला आहे. १९४० सालीं पूर्व पोलंडमधून रशियनांनीं सैबेरियाकडे हांकलून दिलेल्या कुटुंबांत शेतकरी वसाहतवाल्यांचीं कुटुंबें पुष्कळ होतीं. इराणमार्गें वांचून निघालेलीं सुमारें पांच हजार माणसें, मुख्यतः बायका व मुलें, १९४३ ते १९४८ पर्यंत कोल्हापुराजवळ वळिवडे येथील छावणींत राहिलीं. तीं गेल्यावर त्याच जागीं फाळणीनें उखडलेले सिंधी निर्वासित आले, आणि आज त्या वस्तीला गांधीनगर म्हणतात. एका छपराखालीं एकामागून एक दोन देशांचे परागंदा राहून गेले.

या जर्मन कुटुंबांचे वंशज आज आपल्या पूर्वजांचा शोध कसा घेतात, हें पाहणें आपल्यालाही उपयोगी आहे. रशियांतील लूथरपंथी चर्चनें जन्म, विवाह आणि मृत्यु यांच्या नोंदींच्या दुसऱ्या प्रती सेंट पीटर्सबर्गास पाठविल्या होत्या. त्या त्यांना सांपडतात. पण अनेकांच्या बाबतींत सर्वांत भरगच्च कागद कोणता, तर १९४० नंतर नाझी कचेऱ्यांनीं त्यांची ‘वंशशुद्धि’ तपासण्यासाठीं भरलेले तक्ते. त्यांत आजोबा-पणजोबांपर्यंतचीं नांवें आहेत. ज्या कागदानें आजोबांचें नांव कळतें, तोच कागद दुसऱ्या कोणाला घराबाहेर काढण्याच्या कामीं आला होता. यावरून जो धडा घ्यावयाचा तो हा: कोणताही जुना कागद हातीं आला म्हणजे त्यांत काय लिहिलें आहे याच्या आधीं, तो कोणी आणि कशासाठीं लिहिला, हें विचारावें.

हा प्रश्न मनांत धरून आपल्या घराचा माग कसा काढावा तें आतां क्रमानें पाहूं.

पहिलें साधन म्हणजे घरांतील आठवण. वृद्ध मंडळींना ‘आपला मूळ पुरुष कोण’ असें विचारूं नये. विचारलें कीं लगेच एखादा शूर पुरुष हजर होतो. ‘आपलें नारळ कोठें फुटतें, सुना कोणत्या गांवांहून येत, पहिली विहीर कोणी खणली, अमक्या शेताला अमकें नांव कां,’ असें विचारावें. शेतांचीं नांवें फार जुनीं असतात. आडनांवही बोलतें, परंतु जरा उलटें. गांवाच्या नांवाला ‘कर’ लागून झालेलें आडनांव माणसाला बहुधा तें गांव सोडल्यावर मिळतें; मेहकरांत राहणाऱ्याला शेजारी मेहकरकर म्हणत नाहींत. तेव्हां असें आडनांव हें बहुधा वस्तीचें नव्हे तर निघून आल्याचें प्रमाणपत्र असतें.

दुसरें साधन भाटांच्या वह्या आणि तीर्थोपाध्यायांच्या नामावळी. कांहीं जातींचे भाट ठराविक वर्षांनीं येऊन वंशावळ वाचून दाखवितात व नवीं नांवें घालून घेतात. दक्षिण महाराष्ट्रांत हेंच काम हेळवी करतात. नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या उपाध्यायांजवळ यात्रेकरूंचीं नांवें गांववार लिहिलेलीं असतात. यांतील अलीकडच्या पिढ्या बहुधा विश्वसनीय असतात; जसजसें मागें जावें तसतसा भाट यजमानाला शोभेल असा पूर्वज देऊं लागतो. तो बिचारा लबाडी करतो असें नाहीं. त्याची वही मानासाठीं लिहिलेली आहे, एवढेंच. तीर्थोपाध्यायाची नोंद मात्र यात्रेच्या वेळची असते आणि तिच्यांत त्या वेळचें राहतें गांव असतें. दोन पिढ्यांच्या नोंदींत गांव बदललेलें दिसलें, कीं स्थलांतर त्या दोहोंच्या मधलें असें समजावें.

तिसरें साधन सरकारी दप्तर. तें साऱ्यासाठीं लिहिलेलें असल्यामुळें त्याला मानाची पर्वा नाहीं, आणि हाच त्याचा मोठा गुण. मोजणीचे कागद, पेरेपत्रकें, विदर्भांतील १९५४-५५ चे अधिकार अभिलेख, जन्ममृत्यूचा गांव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक असेंही म्हणतात, आणि शाळेंतील दाखलखारीज रजिस्टर, इतकीं साधनें बहुधा तालुक्याच्या आंतच मिळतात. मात्र कोणत्या काळीं आपला तालुका कोणत्या राज्यांत आणि जिल्ह्यांत होता, हें आधीं पाहिलें पाहिजे. खामगांव आणि जळगांव हे तालुके १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यांत होते. तेव्हां तेथील त्यापूर्वींचा माग अकोल्यास काढावा लागतो. १८५३ पूर्वींचें वऱ्हाड निजामाचें. शहाजहान व औरंगजेब यांच्या काळचे दक्षिणेंतील फारसी कागद आज हैदराबादच्या अभिलेखागारांत फार मोठ्या संख्येनें आहेत. पेशवे दप्तर पुण्यास आहे. १९०३ ते १९५६ पर्यंत वऱ्हाड मध्यप्रांताशीं जोडलेलें, म्हणून त्या काळाचा कारभार नागपुराकडे पाहतो. ज्याप्रमाणें कुळें विखुरलीं, त्याप्रमाणें त्यांचे कागदही विखुरले आहेत.

कोणी म्हणेल, हा रिकाम्या वेळचा छंद आहे. तसें नाहीं. २०२३ सालीं राज्य शासनानें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमून कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हां जिल्ह्याजिल्ह्यांतून तहसिलींचीं जुनीं दप्तरें उघडलीं गेलीं. एकाएकीं सर्वांच्या ध्यानांत आलें कीं, शंभर वर्षांपूर्वीं एखाद्या कोतवालानें किंवा गुरुजींनीं लिहिलेल्या एका शब्दावर आज एखाद्या मुलाचें शिक्षण आणि नोकरी अवलंबून आहे. आरक्षणाच्या वादांत शिरण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु तो शोध चालू असतां जें दिसलें तें सर्वांनीं विचारांत घेण्यासारखें आहे. कांहीं कागद मोडींत, आणि मोडी वाचणारे थोडे. कांहीं रजिस्टरांना वाळवी लागलेली. कांहीं पानें हात लावतांच तुटणारीं. ज्याच्या घरचा कागद टिकला तो हक्कदार ठरतो. ज्याच्या गांवचें दप्तर पुरांत किंवा वाळवींत गेलें तो तितकाच जुना असूनही हात चोळीत बसतो. आणि जीं कुळें सर्वांत अधिक वेळां उठलीं, त्यांच्याजवळ कागद सर्वांत थोडे, हें उघड आहे. इतिहासानें ज्यांना एकदां परागंदा केलें, त्यांना पुराव्याचा अभाव दुसऱ्यांदां परागंदा करतो.

म्हणून दोन कामें आपल्या हातीं आहेत. पहिलें लिहून ठेवण्याचें. शहरांत राहणाऱ्या सुशिक्षित घरांपैकीं पुष्कळांची एक तरी शाखा अजून गांवीं आहे. पुढच्या खेपेस जाल तेव्हां वडील माणसांचें बोलणें तारखेसह लिहून घ्या. जुन्या कागदांचीं छायाचित्रें काढा. मोडी वाचतां येत नसेल तर शिकणें फारसें कठीण नाहीं. आणि जें लिहाल त्यांत नांगर मोडल्याची, गांव सोडल्याची, कोणाच्या तरी ओसरीवर पहिला पावसाळा काढल्याची गोष्ट वगळूं नका. तेवढीच बहुधा खरी असते.

दुसरें काम मनाचें आहे. फार थोडीं घराणीं खऱ्या अर्थानें मूळचीं असतात. बहुतेक सर्व केव्हां ना केव्हां उपरी होतीं. आपल्या पणजोबांच्या पणजोबाला कोण्या पाटलानें पारावर बसवून घेतलें, कोणी तरी बैलजोडी उसनी दिली, कोणी पहिल्या वर्षींचें बियाणें दिलें, म्हणून आज आपलें नांव सातबाऱ्यावर आहे. आजही कापूस वेंचावयास, ऊस तोडावयास आणि विटा भाजावयास माणसें मुलाबाळांसह जिल्हे ओलांडून येतात आणि गांवाबाहेर पालें ठोकतात. घराण्याचा इतिहास शोधून ज्याला आपल्या घरचें पाल सांपडलें, त्याला त्या पालांकडे पाहण्याची दृष्टि आपोआप येईल. सारा वसूल करण्याच्या गरजेनें कां होईना, जुन्या राज्यकर्त्यांनीं परक्या माणसाला वचन देण्याची रीत पाळली होती. तीच रीत आपण माणुसकीच्या पोटीं पाळूं शकलों, तर पूर्वजांच्या शोधाचा खरा उपयोग झाला असें म्हणतां येईल.